पाय भिजवा, पण कोरडे करून उठा

मागच्या अंकात चीनमधल्या पाय भिजवण्याच्या घरगुती पद्धतींवर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर चीनमध्येच शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला आलेल्या मराठी वाचकांची बरीच पत्रं आली. मी त्वचारोगांची डॉक्टर. चीनमध्ये शिकले आणि आता चेंगदूला रुग्ण तपासते, त्यामुळे पत्रांतले बहुतेक उपाय रोज कानावर पडतात. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. ज्यांचं पत्र इथे नाही त्यांचा प्रश्न बहुधा यांतल्याच एखाद्या उत्तरात सापडेल.

डॉक्टरताई, मी नानजिंगला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. थंडीत दिवसभर बूट घालते आणि रात्री काढले की असा वास सुटतो की खोलीत बसायची लाज वाटते. माझी चिनी रूममेट रोज झोपायच्या आधी गरम पाण्यात पाय सोडून बसते. पाण्यात आलं आणि व्हिनेगर घाल म्हणते. एका सीनियरनं तुरटी सांगितली. काय घालू?

काय घालायचं ते सांगतेच, पण आधी पायात काय चाललंय ते बघ. नानजिंग छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या रेषेच्या दक्षिणेला येतं. उत्तरेकडच्या शहरांत घराघरांत पोचणारी सरकारी ऊब तुमच्या वसतिगृहाला मिळत नाही. म्हणून तुम्ही मुली आतून लोकर लावलेले बूट चढवता आणि वर्गातसुद्धा ते काढत नाही. तळवा हा घामाच्या ग्रंथींनी गच्च भरलेला भाग. तो बाहेरून गार लागला तरी बुटात घामेजतोच. त्या घामाला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचे जीवाणू घामातलं ल्यूसिन फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. तुला लाज आणणारा आंबूस वास त्याचा. म्हणजे कामं दोन : पायाचा ओलेपणा कमी करायचा आणि जीवाणूंचं बस्तान हलवायचं.

आता तुझ्या रूममेटचे पदार्थ. आल्यानं पाय उबदार वाटतात, झोप बरी लागते. थंडी पायांतून शिरते असं चिनी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि आलं त्यासाठीच घालतात. वासावर त्याचा म्हणावा तसा उपयोग नाही, पण घालायला माझी हरकतही नाही. व्हिनेगर उपयोगी आहे, कारण आम्लात हे जीवाणू नीट वाढत नाहीत. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर घे. बाटलीवर आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, ते ५ टक्क्यांच्या आसपास असावं. लिटरभर कोमट पाण्याला चहाचा एक कप पुरे. पण त्याच फळीवर व्हिनेगरचा तीव्र अर्कही ठेवलेला असतो, त्यात आम्ल ३० टक्के किंवा त्याहून जास्त असतं. तो चुकूनही घेऊ नकोस. त्यानं भाजून सोललेले तळवे घेऊन माणसं माझ्याकडे येतात, आणि प्रत्येक जण म्हणतो की जास्त कडक म्हणजे जास्त गुणकारी असं वाटलं.

तुरटी चांगली. ती अॅल्युमिनियमचा क्षार आहे, आणि घाम रोखणाऱ्या आजच्या रोल-ऑनमध्येही अॅल्युमिनियमचेच क्षार असतात. चिनी औषधांच्या दुकानात तुरटी ग्रॅमवर मिळते. चमचाभर पूड बादलीच्या तळाशी घेतलेल्या पाण्यात विरघळव, एवढंच.

माझी स्वतःची पसंती मात्र चहाला. चहातलं टॅनिन कातडी आवळतं आणि घाम थोडा आटतो. वसतिगृहात शेगडी लावायची परवानगी नसते हे मला ठाऊक आहे, त्याची गरजही नाही. उकळत्या पाण्याच्या खोलीतून थर्मास भरून आण, त्यात दोन-तीन मोठे चमचे स्वस्तातला काळा चहा टाक आणि झाकण लावून दोन तास विसरून जा. मग ते घट्ट पाणी तसराळ्यात ओत, सोसवेल इतकं गार पाणी मिसळ आणि वीस मिनिटं पाय सोडून बस. आठवडाभर रोज, नंतर एक दिवसाआड. तळव्यांना किंचित तपकिरी छटा येईल, ती जाते. याच जातीचं जास्त जोरकस औषध म्हणजे वूबेइत्झ. चिनी सुमाकच्या झाडावर मावा कीड बसली की पानांवर पोकळ गाठी धरतात, त्या या. त्यांत निम्म्याहून जास्त टॅनिनच असतं. पण तुला इतक्या लवकर तिथवर जायचं कारण नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवलं ती. तुझी रूममेट पाय बाहेर काढल्यावर काय करते ते आज नीट बघ. बहुतेक चिनी घरांत तोंड धुवायचं तसराळं वेगळं आणि पायांचं वेगळं असतं, तसंच पाय पुसायचं फडकंही वेगळं. पाय मांडीवर घेऊन, त्या फडक्याचं टोक बोटांच्या प्रत्येक बेचक्यात घालून ते इकडून तिकडे ओढतात. मग थोडा वेळ पाय तसेच उघडे ठेवतात आणि त्यानंतरच मोजे किंवा पांघरूण. तुझ्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर या पुसण्यात आहे. तू पाण्यात काय घालायचं ते विचारलंस, मला पाण्यातून निघाल्यानंतरची पाच मिनिटं महत्त्वाची वाटतात.

बुटांचं म्हणशील तर दोन जोड हवेतच, आज घातलेला उद्या घालायचा नाही. आतल्या तळपट्ट्या रोज बाहेर काढ. इथे सिच्वानच्या बाजारात म्हाताऱ्या बाया हातानं शिवलेल्या तळपट्ट्या विकायला बसतात. जुन्या सुती कापडाचे थर कणकेच्या खळीनं फळीवर चिकटवून वाळवायचे, त्या कडक झालेल्या पुठ्ठ्यातून पावलाचा आकार कापायचा, वर नवं कापड लावून दाट टाके घालायचे. वर मोर असतो, कमळ असतं, पण मी त्या घेते आतल्या सुतासाठी. घाम पितात, धुता येतात, उन्हात कडकडीत वाळतात. नानजिंगमध्येही मिळतील. तीन जोड घे.

एक खूण लक्षात ठेव : तळव्याच्या कातडीवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले, विशेषतः ओल्या पायांवर, तर तो जीवाणूंनी कातडी कुरतडल्याचा प्रकार असतो. तो चहानं जात नाही, त्याला लावायचं प्रतिजैविक लागतं. मग त्वचारोगाच्या ओपीडीत जा.

आम्ही ग्वांगझूला असतो. यजमानांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, खाज आणि वास दोन्ही. घरकामाला येणाऱ्या आयी ह्वाज्याओ आणि मीठ उकळून त्या गरम पाण्यात पाय ठेवायला सांगतात. शिवाय ह्वोश्यांग चंगचीचं पोटाचं औषध कापसानं लावा म्हणतात. आता माझ्याही करंगळीजवळ खाजायला लागलंय.

ताई, तुमच्याकडे हा नुसता वासाचा प्रश्न नाही. ही बुरशी आहे, आणि ती यजमानांकडून तुमच्यापर्यंत पोचली आहे. आयींचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका, पण दोन्ही उपाय सध्या थांबवा.

ह्वाज्याओ म्हणजे आपल्या तिरफळाच्या कुळातलं सिच्वानी मिरं. जिभेला जशी झिणझिणी आणतं तशीच थोडी कातडीलाही आणतं, म्हणून घटकाभर खाज कळत नाही. वर कढत पाण्यानं खाजेला फार सुख वाटतं. पण ओली, पांढरी पडलेली, सुटलेली कातडी कढत पाण्यात आणखी भिजते आणि रात्री खाज दुप्पट होऊन परत येते. ह्वोश्यांग चंगचीची ती दहा मिलिलिटरची तपकिरी बाटली उन्हाळ्यात पोट बिघडलं तर घेण्याची. तिच्यात पाचोळीचं तेल आहे आणि अल्कोहोल ४० टक्क्यांच्या वर. कोरड्या कातडीवर लावली तर थोडं निर्जंतुक होतं, थोडं वाळतं, म्हणून लोकांना गुण येतो. पण बोटांमध्ये चीर पडली असेल तर माणूस कळवळतो, आणि बुरशीची मुळं तशीच राहतात.

तुम्हाला चिनी औषधच करायचं असेल तर त्यातलं योग्य ते करा. औषधांच्या दुकानात लहान लहान खणांचं मोठं कपाट असतं. तिथल्या माणसाकडून खूशन आणि ह्वांगबाई प्रत्येकी ३० ग्रॅम मागा. तो हातातल्या बारीक काट्यावर तोलून कागदाच्या पुडीत बांधून देईल. खूशन ही एका झुडपाची कमालीची कडू मुळी, ह्वांगबाई ही झाडाची साल. दोन्ही दीड-दोन लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा आणि पूर्ण कोमट झाल्यावर त्यात पंधरा मिनिटं पाय ठेवा. ह्वांगबाईमधल्या बर्बेरिननं पाणी पिवळं होतं, पांढरा टॉवेल वापरू नका. पाय स्राव सोडत असतील तर बुडवूसुद्धा नका. हेच पाणी थंड करून, त्यात कापड भिजवून दहा मिनिटं घड्या ठेवा. हे पाणी पोटात घ्यायचं नाही.

पण बुरशी मारायचं काम मलमाचं. टर्बिनाफिन १ टक्का किंवा मायकोनाझोल, कोणत्याही औषधाच्या दुकानात थोड्याच युआनमध्ये मिळतं. पाय कोरडे केल्यावर लावायचं, दिसणाऱ्या चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत, आणि कातडी चांगली दिसू लागली तरी पुढे आणखी आठवडाभर तरी लावायचं. लोक इथेच हरतात. खाज थांबली की ट्यूब कपाटात जाते आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा पहिले पाढे. दोघांनी एकाच वेळी सुरू करा. घरात खाजेवरचं स्टेरॉइडवालं मलम असेल तर ते पायाला लावू नका, त्यानं लाली जाते आणि बुरशी आत फोफावते.

दुकानदार कदाचित पाय भिजवायची पूड पुढे करेल. ती चिनी घरांत फार चालते आणि वाईट नाही. तिच्यात खूशनबरोबर सॅलिसिलिक, बेन्झोइक आणि बोरिक आम्ल असतं. ती वापरली की काही दिवसांनी तळव्याची कातडी सालपटासारखी निघते, त्याला घाबरू नका. जाड, कोरड्या तळव्यांना ती चालते. तुमच्या यजमानांच्या ओल्या, चिरलेल्या बेचक्यांना ती सध्या अजिबात नको.

घरातल्या गोष्टी : दोघांचं तसराळं, फडकं, स्लिपर वेगवेगळ्या करा. मोजे इतर कपड्यांपासून वेगळे, ६० अंशांवर धुवा. वसंताच्या सुरुवातीला ग्वांगझूत दक्षिणेचा दमट वारा आला की भिंतींना घाम फुटतो, फरशा ओल्या होतात आणि आठवडाभर मोजा वाळत नाही. त्या दिवसांत खोलीतली ओल शोषणारं यंत्र चपलांच्या कपाटाशेजारी दारं बंद करून लावा. औषधाइतकंच ते उपयोगी पडतं.

बीजिंगला आल्यापासून टाचांना भयंकर जळवात झालाय, भेगांतून रक्त येतं. रोज रात्री पाऊण तास आल्याच्या गरम पाण्यात पाय ठेवते तरी वाढतच चाललाय. सार्वजनिक स्नानगृहातल्या पाय तासणाऱ्याकडे जावं का? एका बोटाखाली कुरूपही आहे.

रोजचं भिजवणं आजपासून बंद. नानजिंगच्या मुलीला जे चांगलं तेच तुम्हाला बाधतंय. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च सरकारी ऊब चालू असते आणि घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. त्यात पाऊण तास गरम पाणी म्हणजे कातडीत उरलेलं तेलही धुवून काढणं. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, नुसतं कोमट पाणी, आणि टिपून घेतल्या घेतल्या, कातडी किंचित ओलसर असतानाच मलम. तुमचा त्रास कोरडेपणाचा, म्हणून तुमच्या टाचा ओलसर असताना झाकायच्या. बोटांच्या बेचक्या मात्र तुम्हीही कोरड्याच करायच्या.

मलमासाठी युरियाचं क्रीम घ्या, १० किंवा २० टक्क्यांचं. इथलं अत्यंत साधं, स्वस्त औषध आहे आणि महागड्या डब्यांपेक्षा मला त्याचा जास्त भरवसा वाटतो. भेग उघडी असेल तर युरिया चुणचुणतो, त्या जागी शिंपल्यातलं मलम लावा. तुम्ही पाहिलं असेल, खऱ्या शिंपल्याच्या दोन पाळ्यांत भरलेलं पिवळसर मलम, चिनी आजींच्या खिशातलं. पेट्रोलियम जेलीच्या जवळचं ते, त्यात जादू काही नाही, पण भेग झाकतं आणि ओल टिकवतं. वर सुती मोजा घालून झोपा. चालताना भेगेची तोंडं उघडतात म्हणून इथली माणसं टाचेवर औषधी चिकटपट्टी आडवी ओढून लावतात. खेडवळ दिसतं, पण अगदी बरोबर आहे. भेगेचे काठ जवळ राहिले की ती भरते.

पाय तासणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. यांगचौची 'तीन सुऱ्यांची' ख्याती चीनभर आहे : स्वयंपाक्याची, न्हाव्याची आणि पाय तासणाऱ्याची. तिथल्या जुन्या स्नानगृहांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पाय तासणारा दिव्याखाली तुमचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतो, पातळ पात्याच्या सुऱ्या बदलत कडक कातडी कागदासारख्या पापुद्र्यांनी उतरवतो आणि रक्ताचा थेंब निघत नाही. जाड झालेले टाचेचे काठ उतरवायला जरूर जा. हत्यारं तुमच्यासमोर निर्जंतुक करायला सांगा, किंवा स्वतःचा संच विकत घेऊन तोच वापरायला द्या. रक्त येतंय त्या भेगा आधी भरू द्या, मग जा.

कुरूप मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. वरून सरळ दाबलं की दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की जास्त दुखतं आणि वरचा थर काढल्यावर काळे ठिपके दिसतात, तो मस. मस विषाणूचा असतो, सुरीनं तासला तर पसरतो.

मला पाचवा महिना आहे, शेनझेनला असतो. पायांना सूज आणि वास. शेजारच्या काकूंनी करडईची फुलं आणि आय्येची पुडी दिली आहे, त्या पाण्यात पाय ठेवू का?

करडईची फुलं नकोत. ती रक्त वाहतं करणारी मानली जातात आणि चिनी परंपरेतच ती गरोदरपणी वर्ज्य आहेत. काकूंना तुम्हाला दिवस गेलेत हे ठाऊक नसावं. आय्ये, म्हणजे दवण्याच्या कुळातलं ते सुगंधी पान, पाचव्या चांद्र महिन्यातल्या नौकांच्या सणाला दारावर टांगतात आणि मग वाळवून वर्षभर पाण्यात घालतात. तेही सध्या राहू द्या. कोमट पाण्यात थोडा चहाचा अर्क, दहा मिनिटं, नीट पुसणं आणि सुती मोजे एवढं पुरे. पायाच्या मसाजच्या दुकानात गेलात तर आधीच सांगा की दिवस आहेत. घोट्याच्या आतल्या बाजूच्या, हाडापासून चार बोटं वरच्या बिंदूवर ते गरोदर बाईला दाबत नाहीत. सूज अचानक वाढली, चेहरा किंवा हात सुजले, डोकं दुखलं तर पायांचा विचार सोडून त्याच दिवशी प्रसूती विभागात जा.

मी सुझोऊला मुलाकडे आलो आहे, वय ६८, मधुमेह बरीच वर्षं. शेजारच्या आजोबांनी विजेचं पाय शेकायचं टब भेट दिलं, आय्येच्या पुड्यांसकट. त्यावर ४३ अंश लावून अर्धा तास बसतो. मला तर गरम लागतच नाही. काल डाव्या टाचेशी लाल डाग दिसला, दुखत मात्र नाही. वास कमी झाला आहे.

काका, गरम लागत नाही आणि दुखत नाही, या दोन वाक्यांनी मी तुमचं पत्र बाजूला काढून संपादकांना आधी तुम्हाला फोन करायला सांगितलं. इथे इतरांसाठीही लिहिते आहे.

मधुमेहात पायाच्या नसा बोथट होतात. निरोगी माणसाला पाणी सोसवेनासं झालं की तो पाय काढतो. तुमचा पाय तुम्हाला तो निरोप देत नाही. इथल्या रुग्णालयांत दर हिवाळ्यात अशी माणसं येतात, भक्तीनं रोज पाय शेकणारी, पाय भाजलेला कळला तो फोडातलं पाणी मोज्याला लागल्यावर. रक्तपुरवठाही मंद असेल तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शेजारच्या आजोबांना तुमच्याविषयी जिव्हाळा आहे म्हणूनच त्यांनी भेट दिली. त्यांना मुलाकरवी मधुमेहाचं चिनी नाव, तांगन्याओपिंग, एवढंच सांगा. त्यांच्या वयाच्या माणसाला तेवढ्यानं सगळं उमगतं, वाईट वाटणार नाही. टब सुनेला आणि मुलाला वापरू दे.

तुमच्यासाठी : पाणी ३७ अंशांपर्यंत, त्याच्या वर नाही. थर्मामीटरनं मोजायचं, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणी कोपर बुडवून बघायचं. तुमच्या पायानं नाही आणि तुमच्या हातानंही नाही. पाच मिनिटं धुण्यापुरती. आय्ये, व्हिनेगर, मीठ, तुरटी काही नको. बोटांच्या बेचक्या टिपून घ्या. टाचांना मलम लावा, बेचक्यांत लावू नका. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बघा, नजर साथ देत नसेल तर सुनेनं बघावं. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. घरातही अनवाणी नको, गरम पाण्याची पिशवी पायाशी नको, पाय तासणाऱ्याकडे तर नाहीच. वासासाठी रोज धुतलेले सुती मोजे आणि दोन जोडी सैल बूट.

आणि तो लाल डाग. तो चोळू नका, त्यावर काही बांधू नका, फोड आला असेल तर फोडू नका. आज किंवा उद्या सकाळी मुलाला घेऊन मधुमेह पाहणाऱ्या, म्हणजे अंतःस्रावी विभागात जा. तिथे एक बारीक नायलॉनची तार तळव्याला टेकवून संवेदना तपासतात आणि घोट्यापाशी नाडी बघतात, दोन्ही तपासण्या करून घ्या. जाताना साखरेचे कागद, चालू गोळ्यांची यादी आणि रोज घालता ते बूट बरोबर न्या. टबवर किती अंश लावले होते आणि किती वेळ बसलात, हेही डॉक्टरांना सांगा.